एस्तर, तुझं गाणं मी का गाऊ?

एस्तर, दमले गं मी.

रडून दमले असं वाटेल तुला. तसं काही नाही. रडायला सवड होती कुणाला? शाळा सुटली की शिरूरचा स्टँड, मिळेल ती एस्टी, दौंडला उतरून रेल्वे कॉलनीमागच्या तुमच्या घरापर्यंत पायी, आणि परत तेच उलटं. तू अंथरूण धरल्यापासून हेच चाललं होतं. तू गेलीस आणि तरी मी येतच राहिले, कारण तुमच्यात सात दिवस घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच जेवण पोचवायचं असतं. काल ते सात दिवस संपले. आज सकाळी उठून मी सवयीनं पिठात हात घातला आणि तसाच काढला. कंबर तर अशी धरलीय की काही विचारू नकोस.

भेटायला आलेली माणसं बोलत होती तुझ्याबद्दल. ऐकवत नव्हतं. एक गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "खगोलशास्त्राची फार मोठी हानी झाली." मी मान हलवली. खगोलशास्त्र बघेल त्याचं ते. माझे रविवार गेले त्याचं काय? दौंडहून निघून जुन्नरकडच्या त्या तारे ऐकणाऱ्या मोठमोठ्या तबकड्यांकडे जाताना तू शिरूरला उतरायचीस, माझ्या घरी भाकरी हाणायचीस, माझ्याशी भांडायचीस आणि पुढची गाडी पकडायचीस. हे भांडण आता कुणाशी करायचं? नवऱ्याशी केलं तर तो लगेच हो म्हणतो, त्यात काय मजा!

आपली गट्टी जमली ती तरी कशी बघ. मी मांडवगण फराट्याची, शिकायला दौंडला मामाकडे आलेली. मामा रेल्वेत गँगमन, तुझे वडील गार्ड, क्वार्टर समोरासमोर. आम्ही जयभीमवाले आणि तुम्ही इस्राएली. कॉलनीतल्या सत्यनारायणाला आपल्या दोघींना कुणी आग्रहाचं बोलावणं करत नसे, म्हणून आपण तुमच्या ओट्यावर बसून आवळे खायचो. तुमच्या चौकटीवर ती तिरपी ठोकलेली बारीकशी डबी होती, तिला तू येताजाता हात लावायचीस. मी विचारलं, "यात काय आहे?" तू म्हणालीस, "आमचा देव नाही त्यात, त्याचं म्हणणं आहे." मला ते फार आवडलं होतं. आमच्याही घरात देव नव्हता, नुसतं म्हणणंच होतं.

आणि तुझ्या आईची गाणी. मिल्काकाकू लग्नघरी मेंदीच्या दिवशी गायला बसल्या की बायका कामं टाकून येत. चांगली आपल्यासारखी मराठी गाणी, आणि त्यांत भावांनी विहिरीत ढकललेला योसेफ, कोकणात उतरलेला एलियाहू पैगंबर, नवरीची करंजी न् तिची रुसकी नणंद, सगळे एका पंगतीला. काकूंचा गळा जाडसर होता, वर जाताना जरा फाटायचा, आणि तो फाटायचा तिथंच बायका डोळे पुसायच्या.

मग तू शिकायला परदेशी गेलीस आणि आलीस ती दुसरंच गाणं घेऊन.

सालोनिका नावाच्या गावची कुणी म्हातारी होती, तिच्या घरी तू भाड्यानं राहायचीस. तिच्या पूर्वजांना पाचशे वर्षांमागं स्पेनमधून हाकललं, तेही तुझ्यासारखेच यहुदी. पण घरात त्यांनी ती जुनी स्पॅनिश टिकवली, तीत हिब्रू, तुर्की जे हाताला लागेल ते मिसळत गेले. म्हातारीनं तुला एक अंगाई शिकवली. आई लेकीला म्हणते, झोप इझिका, झोप लेकी. बरणीत मीठ आहे, फडक्याखाली भाकरी आहे, जिन्यावर मांजर आहे. घरातलं सगळं जागच्या जागी आहे, फक्त बाप यायचाय. एवढंच. तू ते गायचीस तेव्हा तुझा आवाज आईसारखा व्हायचा, हे तुला कधी कळलं का कोण जाणे.

काकूंना नाही आवडलं. तू दौंडच्या घरात ते गाणं सुरू केलंस की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी आपटायच्या. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "शीला, माझी गाणी काय नासली व्हती का गं? कोण कुठली म्हातारी, आन् तिची अंगाई माझी लेक माझ्याच घरात गाती!" मला त्यांचंच पटत होतं.

तुझ्या मनातलं तू खूप उशिरा सांगितलंस. तिकडं सणाच्या जेवणाला सगळे यहुदी जमले, एकेकानं आपल्या घरचं गाणं म्हटलं. तुझी पाळी आली तेव्हा तू काकूंचं मेंदीचं गाणं म्हटलंस, जीव तोडून. टाळ्या झाल्या आणि एकजण गोड हसून म्हणाला, छान आहे, पण हे तर भारतीय झालं. तुमच्याकडे यहुदी असं काही नाही का? तू खाली बसलीस ती वर बघेचनास. म्हातारीनं त्या दिवशी घरी आल्यावर तुला तिची अंगाई शिकवायला घेतली. तुला वाटलं, आता कुणी विचारलं तर हे आहे माझ्याकडे. मला ते ऐकून त्या माणसाचा असा संताप आला! आणि तुझाही आला. आईचं गाणं कुणा परक्याच्या एका वाक्यावर खाली ठेवायचं असतं होय?

तेव्हापासून आपलं भांडण. मी म्हणायची, "एस्तर, ते तुझं नाही. तुझं ते दौंडचं." तू म्हणायचीस, "तुला काय कळतंय!" आणि भाकरी मागायचीस.

तारे मात्र तू मला नीट समजावलेस, त्याचं मानते मी. भाजी निवडत बसलो होतो. "शीले, हा मेलेला तारा असतो. विझून गोळा झालेला. पण गरगरा फिरतो, आणि दर फेरीला आपल्याकडे एक टिचकी मारतो. ती इतकी बारीक की एकटी ऐकूच येत नाही, नुसता गोंगाट. मग आम्ही बराच वेळ नोंद घेतो, तिचे एकेका फेरीएवढे तुकडे पाडतो आणि एकावर एक रचतो. गोंगाट दर वेळी वेगळा असतो, तो आपापसांत जिरतो. टिचकी दर वेळी त्याच जागी असते, ती वर येते." मी म्हटलं, "म्हणजे रोज तेच तेच बोलणाऱ्या सासूसारखं, शेवटी ऐकू येतंच." तू इतकी हसलीस की मेथी सांडली.

एकदा तू त्या टिचक्यांची कॅसेट माझ्या शाळेत आणलीस. आपल्या शिरूरच्या मुली त्या, ठकठक ठकठक ऐकलं आणि एकीनं कोपऱ्यातली लेझीम उचलली. पुढची तासिका सगळा वर्ग मेलेल्या ताऱ्याच्या ठेक्यावर लेझीम खेळला. हेडमास्तर धावत आले. तू त्यांना इतक्या गंभीरपणे सांगितलंस की हा प्रयोग चालू आहे, की ते बिचारे दारात उभं राहून बघत बसले. त्या मुली अजून विचारतात, तारेवाल्या बाई कधी येणार. अजून सांगितलं नाही मी त्यांना. सोमवारी सांगीन.

पण तुझी ती विद्या तू काकूंच्या गाण्यावर चालवायला गेलीस, तेव्हा खरी जिरली तुझी. एकच गाणं काकूंकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलंस, मागं मालगाडीचं शंटिंग, कुकरच्या शिट्ट्या. म्हणालीस, तुकडे करून एकावर एक रचते, गाड्यांचा आवाज जिरेल आणि अस्सल गाणं तेवढं वर येईल. खगोलवाल्यांशिवाय असली चूक कोण करणार! आलं काय हाताला? जत्रेत दहा बायकांनी एकदम पोरांना हाका माराव्यात तसा कालवा. काकू दर वेळी वेगळं गायल्या होत्या. कुठं ओळ लांबवलेली, कुठं नणंद आधी न् करंजी मागून. तू कपाळाला हात लावलास आणि काकू म्हणाल्या, "अगं, मंगळवारी मला खोकला व्हता, आन् बुधवारी तू घरी व्हतीस म्हणून मी खुशीत व्हते. गाणं तेच कसं यील? मी काय ठोकळा हाय?"

मला तर गुदगुल्या झाल्या. मी म्हटलं, "घ्या शास्त्रज्ञ! गाण्याला अस्सल प्रत नसते, बाई. जो गातो त्याचं ते." माझं वाक्य ठेवून दिलंस, वेळ आल्यावर माझ्याच अंगावर टाकायला.

एक जानेवारीला कोरेगाव भीमाला मी दरवर्षी जाते, एका वर्षी तू मागं लागलीस म्हणून तुलाही नेलं. स्तंभाला मानवंदना देऊन आम्ही बायका बाजूला गायला बसलो, डफ होता, आणि तू दुसऱ्या कडव्यापासून धृपद उचललंस. मोठ्यानं. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठल्या गं तुमी, ताई?" तू म्हणालीस, "दौंडची." ती म्हणाली, "जय भीम. सरका थोडं इकडं, उन्हात बसलाय तुमी." संपलं. परत येताना एस्टीत तू खिडकीला डोकं टेकून म्हणालीस, "इथं मला कुणी विचारलं नाही, तुझ्याकडे तुझं असं काय आहे." मी तुझ्या हातावर हात ठेवला. त्या दिवसाबद्दल आपण परत कधी बोललो नाही, आणि बोलायला हवं होतं.

कारण शेवटच्या भांडणात तू तोच दिवस काढलास.

त्या दिवशी काकू पाणी भरायला गेल्या होत्या. तू उशीला टेकून बसलेली, हाताच्या नुसत्या काड्या. मला जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "शीले, मी गेल्यावर ती अंगाई तू म्हण. एकदाच. आईच्या कानावर पडेल अशी. माझ्या तोंडून तिनं कधी पुरी ऐकलीच नाही. तुझ्याकडून ऐकेल."

मला येत होती ती. इतके रविवार ऐकून न येऊन काय होतंय? पण माझा तोल गेला. त्या बाईचं पोटचं पोर जाणार आणि मी तिला तिच्याच दारात तिचं काळीज कापणारं गाणं ऐकवू? मी म्हटलं, "मी नाही गाणार. ते तुझंच नाही, माझं कुठून असणार?"

तुझे डोळे तेवढे शाबूत होते. म्हणालीस, "जो गातो त्याचं, असं कोण म्हणालं होतं? आणि कोरेगावला मी गायले तेव्हा का नाही म्हणालीस, एस्तर, गप्प बस, हे तुझं नाही?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तुझ्या आईला बुद्ध कुणी वारशात दिला होता?"

त्याचं नाव काढू नकोस म्हणून मी ओरडले. आजाऱ्यावर ओरडले. तू शांतपणे माझ्या आईचंच वाक्य म्हणून दाखवलंस, आमच्या घरी जेवताना तू ते हजारदा ऐकलं होतंस. "आमाला कुनी दिला न्हाई, बाई. आमी घेतला." अगदी तिच्या हेलात म्हटलंस. आणि मग, "मीही घेतलंय, शीले. आईचं टाकून नाही घेतलं. आईचं आहेच. हे वर घेतलं."

मी पिशवी उचलली, म्हटलं, "बघू." तू म्हणालीस, "बघ." पुढच्या खेपेला आले तेव्हा तू बोलण्यापलीकडं गेली होतीस. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं. बघू आणि बघ.

मग ते सात दिवस. तुझे वडील तर आधीच गेलेले, काकू एकट्या जमिनीवर बसलेल्या, आरशावर चादर, कोपऱ्यात तेलाचा दिवा. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, दौंडात आता तेवढे कुठले उरलेत, पुण्याहून गाडीनं यायचे आणि प्रार्थना झाली की गाडीनं जायचे. मी डबे आणायची, कपबशा धुवायची, आणि रोज ठरवायची की आज सांगते काकूंना. धीर व्हायचा नाही. आमच्याकडे माणूस गेलं की आम्ही गातो, गाऊन मोकळे होतो. तुमच्यात उलट. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीनं रेडिओ लावला तर काकू म्हणाल्या, "बंद कर गं. महिनाभर गाण्याचं नाव न्हाई या घरात." मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, सुटले. त्यांच्या रीतीनंच माझी सुटका केली. एस्तर, तू म्हणशील पळपुटी. म्हण.

पण सुटका कसली! जेवण जाईना. रात्रंदिवस ते बरणीतलं मीठ आणि फडक्याखालची भाकरी डोक्यात. एस्टीत बसलं की ओठ आपोआप हलायचे, कंडक्टर विचारायचा, "बाई, कुठलं तिकीट म्हणालात?"

काल दुपारी शेवटची प्रार्थना झाली. माणसं स्टेशनकडं गेली. काकूंना दोघींनी धरून जमिनीवरून उठवलं, आरशावरची चादर काढली. मग सगळ्या पांगल्या आणि मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी भांडी घेऊन बसले. काकू भिंतीला धरत धरत मागं आल्या. दगडावर बसल्या. 

"काकू," मी म्हटलं, "एस्तरनं मला एक सांगितलं होतं."

"ठाऊक हाय."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मला बी सांगितलं व्हतं तिनं. म्हणाली, शीला म्हणंल, तवा उठून जाऊ नकोस. मी सात दिस वाट बघाय लागले, ही बया तोंडच उघडंना!"

"तुमच्यात महिनाभर गाणं नाही ना, काकू. तुम्हीच म्हणालात."

"आमच्यात न्हाईच." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला गाता येत न्हाई, माझ्या भावाबहिणींना येत न्हाई. तू कुठं आमच्यातली हाईस? तुला कोण अडवतंय? आमच्यातलं कुणीच म्हणू शकत न्हाई म्हणून तर तिनं तुला सांगितलं, येडे."

एस्तर, मी इतकी वर्षं म्हणत आले, माझं नाही म्हणून मी गाणार नाही. आणि तुझी आई समोर बसून म्हणते, तुझं नाही म्हणूनच तू गा. तू हे सगळं आधीच जुळवून ठेवलं होतंस. अशी कशी गं तू? मला एका शब्दानं बोलली असतीस तर? पण मी ऐकलं नसतं, तेही खरं.

गायले मी. हाताला राख तशीच. पलीकडं मालगाडीचं शंटिंग चाललेलं, आवाज बसलेला. मीठ म्हटलं, भाकरी म्हटली. मांजराच्या ओळीला मी सूर वर नेला. काकूंनी डोळे मिटलेले होते. त्यांनी हात उचलला आणि सावकाश खाली आणला. तोंडातून काही नाही, नुसता हात. मी थांबले. त्यांनी पुन्हा तसाच खाली आणला, जरा वैतागून, शाळेत मी मुलींना दाखवते तसा. आणि खरंच, तू तिथं खालीच उतरायचीस. मी विसरले होते.

मग मी त्यांच्या हाताकडं बघत पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. हात वर गेला की वर, खाली आला की खाली. एकाही ठिकाणी तो हात अडला नाही. दर ओळ त्यांना ठाऊक होती. बाप यायचाय ही ओळ झाली आणि तो हात मांडीवर जाऊन बसला. मला तेव्हा रडू आलं. इतक्या दिवसांचं सगळं आलं, भांड्यांत पडलं.

काकूंनी माझं रडणं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "जा आता, शिरूरची गाडी चुकंल तुझी. महिना झाला की ये."

मी विचारलं, "कशाला, काकू?"

"मी म्हणून दावते. तू लई चुकतीस."